मावशी, आज काय चांगलंय?

मटण आणि चिकन सोडून मला या दिवाळीत तीन वर्षं होतील. मासे खाते, अंडी खाते, दूधदुभतं तर आहेच. अशा खाण्याला पेस्केटेरियन म्हणतात हे मुलानं सांगितलं. आमच्या घरात त्याला वेगळं नाव नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "हिला मटण चालत नाही, मासळी चालते." त्यावर पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नॉनव्हेज चालतं म्हणा की!" व्हेज आणि नॉनव्हेज अशा दोनच पंगती सगळ्यांना माहीत. मी आता समजावत बसत नाही, ताटात काय वाढायचं तेवढं सांगते.

माझं माहेर फलटण तालुक्यातलं. आमच्याकडे पाहुणा आला की कोंबडी, जत्रेला बोकड, आणि मासळी म्हणजे आठवडी बाजारातली सुकट नाहीतर सुके बोंबील. कॅनॉलचं पाणी ओसरलं की पोरं कधीतरी ओले मासे पकडून आणत, तेवढाच ताज्या माशाशी संबंध. लग्न होऊन पुण्यात धनकवडीला आले, तर इथंही रविवार मटणाचाच. मग वयाच्या ४४व्या वर्षी रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २६८. हवेत १५०च्या आत. वडिलांची बायपास ५८व्या वर्षी झाली होती. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दोन दिवस कुणाला दाखवला नाही.

आमच्या डॉक्टरांनी गोड आणि तळलेलं बंद करायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं, आणि मटणाऐवजी आठवड्यातून दोनदा मासे खा म्हणाले, तेही तेलकट मासे. मी म्हटलं, "मी रोज जवसाची चटणी खाते की." जवसात ओमेगा-३ असतं एवढं वाचलेलं होतं. ते म्हणाले, जवसातलं ओमेगा-३ वेगळं. शरीराला त्यापासून ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशात असतं ते ओमेगा-३, तयार करावं लागतं आणि ते फारच थोडं होतं. माशातून ते आयतं मिळतं. चटणी सोडू नका, पण तिच्यावर विसंबूही नका. मटण-चिकन पूर्ण सोडायचा निर्णय मात्र माझा. 'महिन्यातून एकदा चालेल' असं ठरवलं की आमच्याकडे महिन्यात चार लग्नं आणि दोन बारशी निघतात, हे मला ठाऊक होतं.

पुढच्याच रविवारी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेले. पुण्यात समुद्र नाही, पण मासळी कमी नाही. खोल समुद्रातली, खाडीतली, नदीतली, आणि आंध्रातून येणारे रोहू-कटला, सगळं थर्माकोलच्या पेट्यांमधून बर्फात इथं उतरतं. ओली फरशी, कोयत्यांचे आवाज, हातातल्या पिशव्यांतून ठिबकणारं पाणी. मला एकच नाव माहीत होतं, पापलेट. हॉटेलात ऐकलेलं. समोर जे पहिलं पापलेट दिसलं ते घेतलं. १,३०० रुपये किलो, चार नग. घरी आणून तिखट-मीठ-रवा लावून भरपूर तेलात तळलं. बाहेरून कुरकुरीत झालं, आतलं मांस पिठासारखं मऊ लागत होतं आणि खाल्ल्यावर घशात एक उग्र वास राहिला. कुणी काही बोललं नाही. मुलानं अंड्याची पोळी करून घेतली.

शेजारच्या काकू वेंगुर्ल्याच्या. त्यांना वासावरूनच कळलं असावं. संध्याकाळी दारात उभ्या राहून त्यांनी एकच विचारलं, "दाबून बघलंस काय गो?"

मला दाबून बघायचं असतं हेच माहीत नव्हतं.

बुधवारी काकू मला घेऊन गेल्या. त्या दिवशी मी जे पाहिलं त्यावर माझं आजवरचं सगळं मासे खाणं उभं आहे. आत शिरताना त्यांनी बजावलं, "पयलो बाजार फिरान बघ, मगे तोंड उघड." पिशवी काखेत धरून त्यांनी अख्खा बाजार एकदा पालथा घातला. कुणाला भाव विचारला नाही, कुठं थांबल्या नाहीत. कुठल्या पाटीवर माश्या घोंगावतायत, कुणाचा बर्फ पाणी होऊन वाहतोय, कुणाकडे एकच जात ढिगानं आली आहे, हे सगळं त्या चालता चालता टिपत होत्या. ढिगानं आली म्हणजे काल-परवा जाळ्यात भरपूर लागली, म्हणजे ताजी आणि स्वस्त. मग एका पाटीपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "मावशी, आज काय चांगलंय?"

मावशींनी पापलेट, सुरमई दाखवली नाही. खालची पेटी ओढून बांगडे काढले. २४० रुपये किलो.

काकूंनी एक बांगडा माझ्या हातात दिला. पाठ निळी-हिरवी, तिच्यावर काळसर रेघा, पोट चांदीसारखं. शेपटीपेक्षा वर, मध्यावर धरला तर ताजा बांगडा आडवा ताठ राहतो, शिळा दोन्हीकडून खाली लोंबतो. कल्ल्याचं झाकण नखानं उचललं तर आत लालभडक दिसलं पाहिजे. तपकिरी किंवा राखाडी असेल तर झाकण पुन्हा लावून पुढं चालायचं. डोळा फुगीर आणि काचेसारखा. अंगठ्यानं दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. आणि पोट फुटलेला बांगडा अजिबात घ्यायचा नाही. बांगडा-तारलीसारख्या माशांच्या पोटातले पाचकरस मासा मेल्यावर त्याचंच पोट आतून विरघळवायला लागतात, त्यामुळे त्यांचं शिळेपण सगळ्यात आधी पोटावर दिसतं. पापलेटाची परीक्षा वेगळी. कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी यायला हवं, लालसर आलं तर नको. माझ्या त्या चार नगांना मी हातही लावून बघितला नव्हता. बोंबील गुलाबीसर आणि चकचकीत हवा. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. सुरमईचे कापलेले तुकडे घेण्यापेक्षा अख्खी सुरमई निवडून समोर कापून घ्यावी, कारण तुकड्यावरून ती सुरमईच आहे का हे नवख्याला कळत नाही.

वासाबद्दल एक सांगते, कारण देशावरच्या माणसाचा तिथंच गोंधळ होतो. आम्हाला वाटतं माशाला वास येतोच. ताज्या माशाला समुद्राच्या पाण्याचा, काकडीच्या सालीसारखा थोडासा वास असतो. ज्या वासानं आपण नाक मुरडतो तो माशाचा नसून मासा जुना झाल्याचा असतो. हे कळल्यावर माझ्या मनातली निम्मी किळस गेली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी लगेच मसाल्याचे डबे काढले. काकूंनी हात धरला. "इतको मसालो कित्याक? बांगड्याक आपली चव आसा." मटण शिजवणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागतो. आमच्याकडे कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजायचं, लसूण-आलं ओंजळभर, आणि रटरटत तासभर. माशाला त्यातलं काही लागत नाही. त्यांनी मला बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट-आंबट कालवण, शिकवलं. ते आता मी डोळे मिटून करते.

चार मध्यम बांगडे, प्रत्येकाचे तीन तुकडे, हळद-मीठ लावून बाजूला. दहा-बारा ब्याडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवून त्यात चमचाभर धणे आणि मूठभर ओलं खोबरं घालून गंधासारखं मऊ वाटण. तिरफळं, म्हणजे मिरीसारखं दिसणारं कोकणातलं मसाल्याचं फळ, आठ-दहा. त्यातली काळी बी काढून टाकायची, नुसती सालं घ्यायची आणि ती मिक्सरला न लावता बत्त्यानं जरा ठेचायची. तिरफळ पहिल्यांदा जिभेला लागलं तेव्हा ओठ बधिर झाल्यासारखे वाटले. पण बांगड्याचा तेलकटपणा त्याच्याशिवाय आवरत नाही. वाटण, पाणी, पाच-सहा आमसुलं आणि तिरफळ पातेल्यात घालून आधी उकळी आणायची, मग तुकडे सोडायचे. फोडणी नाही. आणि यानंतर पातेल्यात पळी-कालथा काही घालायचा नाही. दोन फडक्यांनी पातेलं दोन्ही कानांना धरायचं आणि गोल हेलकावा द्यायचा, म्हणजे रस फिरतो आणि तुकडा मोडत नाही. सात-आठ मिनिटांत गॅस बंद. मी 'शिजलं का' म्हणून झाकण काढत होते आणि काकू म्हणत होत्या, आता बंद कर, उरलेलं ते आपल्याच वाफेत शिजेल. मासा कमी शिजल्यानं जेवढा बिघडतो त्याच्या दुप्पट जास्त शिजल्यानं बिघडतो, हे त्या दिवशीपासून मी लक्षात ठेवलंय. रात्री चांगलं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तिखलं भाकरीबरोबर खाल्लं तेव्हा मला कळलं की काकू आदल्या रात्री दोन तुकडे हट्टानं का बाजूला काढून ठेवायला सांगत होत्या.

काट्यांची भीती राहिलीच होती. ती काकूंच्या आठ वर्षांच्या नातीनं घालवली. सुट्टीत आली होती, आमच्याकडे जेवायला बसली. तिनं तळलेल्या बांगड्याच्या मधोमध, डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेवर बोट ठेवलं, दाबत नेलं, आणि वरचं मांस वर, खालचं मांस खाली असं पुस्तकाच्या पानांसारखं उघडलं. मधला काटा शेपटीकडून उचलला तर अख्खा कंगवा हातात आला. "आता खालच्या बाजूला काटे नाहीत," ती मला म्हणाली, "फक्त पोटाजवळ बघ." माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. त्या घरात मासा शिजू देत होत्या पण खात नव्हत्या. त्यांनी त्या पोरीकडून एक घास घेतला. आता बुधवारी त्या स्वतः विचारतात.

सगळं असंच गोड झालं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात एक मोठी चूक माझ्या हातून झाली आणि ती मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

एप्रिलचा रविवार. सकाळी साडेआठला बांगडे घेतले, उत्तम ताजे, कल्ले लाल, सगळं तपासून. पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली. मग मंडईत भाजी घेतली, नारायण पेठेत मावससासूबाईंकडे डोकावले, त्यांनी चहाला बसवलं. घरी पोचायला बारा वाजून गेले. त्या उन्हात डिकीत साडेतीन तास. मासे काढले तेव्हा वास आला नाही, दिसायलाही ठीक होते. लगेच धुऊन तव्यावर परतले. खाताना जीभ जरा चुरचुरली. मला वाटलं मिरची जास्त झाली. अर्ध्या तासात माझे कान गरम झाले, चेहरा लाल, मानेवर चट्टे, डोकं ठणकायला लागलं आणि छातीत धडधड. मला माशाची ॲलर्जी आहे, संपलं सगळं, असं मनात आलं आणि खरं सांगते, रडूच आलं. मग नवऱ्याकडे बघितलं तर त्यांचाही चेहरा तसाच लाल. मुलगा क्लासला गेला होता, त्यानं खाल्लं नव्हतं, तो ठणठणीत.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "मासा बर्फाबाहेर किती वेळ होता?" दोघांना एकाच वेळी होतं म्हणजे ही ॲलर्जी नाही, ही विषबाधा, असं ते म्हणाले. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम जागी राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आपल्याला ॲलर्जी होते तेव्हा शरीरात जे सुटतं तेच हे हिस्टामिन, फक्त इथं ते ताटातून पोटात जातं. ते एकदा तयार झालं की तळा, उकडा, कुकरला लावा, जात नाही. फ्रीजमध्ये टाकलं तरी जात नाही. आणि वास येईलच असंही नाही. जीभ चुरचुरते ती त्याचीच खूण. ॲलर्जीवरच्या गोळीनं संध्याकाळपर्यंत दोघंही बरे झालो. पण श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरी थांबायचं नाही, हेही त्यांनी बजावलं.

बाजारातून मासा ताजा घेणं हे अर्धंच काम, तो घरापर्यंत ताजा आणणं हे उरलेलं अर्धं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोकणात मासा दारात येतो, त्यामुळे काकूंनाही ते सुचलं नसावं. तेव्हापासून झाकणाचा थर्माकोलचा छोटा डबा स्कूटरला लावते, बर्फ मावशींकडून मागून घेते, आणि मासळी ही शेवटची खरेदी. भाजी आधी, मासे नंतर, मग थेट घर. वाटेत कुणीही चहाला बोलावलं तरी नाही. शिवाय साफ करून आणलेला मासाही घरी आल्या आल्या धुऊन, निथळून फ्रीजमध्ये, आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवायचा.

घरातल्या वासाचं आणि कचऱ्याचं थोडक्यात सांगते. भांडी आधी थंड पाण्यानं धुवायची, मग बेसन आणि लिंबाची साल. खवले, आतडी, काटे पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवते आणि सकाळी ओला कचरा घ्यायला ताई आल्या की त्यांना सांगून देते. सोसायटीत कुणाची तक्रार आलेली नाही.

मासे निवडताना ताजेपणाच्या पुढची एक गोष्ट मला नंतर कळली. मोठा मासा लहान माशांवर जगतो, त्यामुळे समुद्रातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. मोरी म्हणजे शार्क, थोराड सुरमई, मोठा कुपा हे कधीतरीच. भाची गरोदर असताना तिला मी हे आवर्जून सांगितलं आणि तिच्यासाठी लहान मासे नेत होते. मांदेली, तारली, बांगडा, बोंबील, मुडदुशे हे स्वस्त, लहान, आणि यातल्या बांगडा-तारलीत डॉक्टर म्हणाले होते ते तेलही भरपूर. पापलेटावर जे पैसे गेले असते त्यात महिन्याचे बांगडे येतात. आणि नावांवर जाऊ नये. हलव्याला काळं पापलेट म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातला नाही.

पापलेटाचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. २०२३ साली सरकारनं पापलेटाला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान पकडायचे नाहीत. तरी तळहाताएवढी पापलेटं पाटीवर दिसतात. एकदाही अंडी न घातलेली ती पिल्लं. कुणीतरी 'एका माणसाला एक नग, बरोबर बसतो' म्हणून घेऊन जातो. मी एकदा मावशींना म्हटलं, ही नका ठेवू. त्या म्हणाल्या, "ताई, मी नाही ठेवली तर शेजारचा ठेवणार. गिऱ्हाईक मागतं." त्यांचं पोट त्याच्यावर आहे, मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. मी फक्त घेत नाही. दोन वर्षांत इतकं झालंय की मी उभी असले की त्या मला ती दाखवत नाहीत.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. पहिल्या वर्षी मी घाबरले, आता दोन महिने काय खायचं! शीतगृहातला माल असतो. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, तिकडून थोडं येतं. पण या दोन महिन्यांत मी माझ्या आजीकडे परत गेले. सुकट कोरडी भाजायची, चाळून कचरा काढायचा, कांदा बारीक चिरून तेलावर गुलाबी करायचा, लसूण, लाल तिखट, सुकट, पाण्याचा हबका आणि वर लिंबू. बाजरीच्या भाकरीवर घेऊन आजी चुलीपाशीच बसायची. पहिल्या पावसात स्वयंपाकघरात तो वास पसरला आणि मला माझ्या फलटणच्या घरातली सारवलेली जमीन दिसली. मासळी मला वाटत होती तेवढी परकी कधीच नव्हती. सुक्या माशात मीठ फार असतं, ब्लडप्रेशर असेल त्यानं भिजवून पाणी फेकून द्यावं आणि वरून मीठ घालूच नये.

त्याच दिवसांत नदीचे मासेही येतात. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. तिथली चिलापी प्रसिद्ध. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला आणि आता असा रुळलाय की गावोगावचे लोक त्याला आपलाच समजतात. चिलापी गोड लागते, वाम तर रश्श्यात फारच सुंदर. पण हे खाताना मला एक गोष्ट विसरता येत नाही. आपल्या पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. संगम पुलावरून खाली बघून आपण नाक धरतो, तेच पाणी पुढं त्या माशांच्या कल्ल्यांतून जातं. मी नदीचा मासा कमी घेते, घेतला तर कुठल्या पाण्यातला ते विचारून घेते, आणि आमच्या सोसायटीचं सांडपाणी शुद्धीकरणाचं यंत्र चालू आहे का हे दर महिन्याला सेक्रेटरींना विचारते. त्यांना ते का विचारते हे सांगितल्यावर त्यांनीही हसून सोडून दिलं नाही.

ऑगस्टात होड्या समुद्रात जातात आणि बहुतेक वेळा तेव्हाच श्रावण असतो. सासूबाई श्रावण पाळतात, त्यांच्यासमोर मी शिजवत नाही. पण बाजारात एकदा गेले तर गर्दी नाही, भाव उतरलेले, आणि दोन महिने विश्रांती घेतलेल्या समुद्राची ती मासळी. मावशी म्हणाल्या, "चांगला माल येतो आणि घ्यायला माणूस नाही." काकूंकडे श्रावण फक्त सोमवारी, म्हणून त्यांच्या ओट्यावर शिजवलं.

सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स १७१ आले, वर्षानं १४४. हे फक्त माशांनी झालं असं मी म्हणणार नाही. साखरेचा चहा सुटला, रोज सकाळी तळजाई टेकडीवर चालायला जाते, आणि मासेही आता तळत नाही. चमचाभर तेल तव्याला पुसून मंद आचेवर, एका बाजूला पाच मिनिटं हात न लावता. बोंबील असेल तर आधी चिरून, पाटा-वरवंट्याखाली दाबून पाणी काढायचं, कारण बोंबलात जवळपास सगळं पाणीच असतं. एवढंच. कालवण असेल तेव्हा तर तेलाची गरजच पडत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते माहेर. पहिल्या चैत्रातल्या जत्रेला मी मटणाच्या पंगतीत बसून भाकरी आणि खर्डा खाल्ला. मामा वाढायला आले, पळी ताटावर थांबली. "पोरी, आमच्या हातचं नको झालं का?" मी रिपोर्ट सांगितला, वडिलांचं ऑपरेशन आठवण करून दिलं, पण पंगतीत हे सांगून समजत नाही. मामा पुढं गेले आणि दिवसभर माझ्याशी फार बोलले नाहीत. मलाही घास जात नव्हता. पुढच्या वर्षी गेले तेव्हा मामींनी मला आत बोलावलं. चुलीशेजारी वेगळी कढई होती. मामांनी आदल्या दिवशीच्या बाजारातून सुकट आणून ठेवली होती आणि ती मामींनी आजीच्या पद्धतीनं केली होती, तिखट जरा जास्तच. मामा दारातून म्हणाले, "बघ, जमलीय का." मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

गेल्या महिन्यात नणंद येणार होती. तिला सुरमई आवडते म्हणून मी बऱ्याच दिवसांनी नाव ठरवून बाजारात गेले. मावशींच्या पाटीवर ओलं पोतं टाकलेलं होतं. "आज नको, ताई," त्या म्हणाल्या. "गाडी घाटात अडकली, बर्फ वाटेतच संपला. हा माल मी परत पाठवतेय. दुसरीकडे बघा हवं तर." मी एक फेरी मारली. कल्ले उचलून बघितले, दोन ठिकाणी दाबून बघितलं, आणि रिकामी पिशवी घेऊन मंडईत गेले. अर्धा किलो काटेरी वांगी घेतली. घरी डब्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, होते, ते कोमट पाण्यात भिजत घातले, कांदा परतला, वांग्याच्या फोडी, चिंच, थोडा गूळ.

नणंदेनं आल्या आल्या कढईवरचं झाकण उचललं. "अगं, मासे कुठंयत?"

"वांग्यात बघ," मी म्हटलं आणि ताटं घेतली.